लिहून देणार, लिहून घेणार

मराठीतलं कुठलंही खरेदीखत उघडून बघा, त्यात विकणारा आणि विकत घेणारा हे शब्द सहसा सापडत नाहीत, सापडतात ते 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. मला ही जोडी मनापासून आवडते. जमीन, फ्लॅट, पैसे हे सगळं नंतरचं, आधी काय घडतंय तर एक माणूस दुसऱ्याला काहीतरी लिहून देतोय, आणि लिहून देणं ही आपल्याकडे केवढी मोठी गोष्ट, साध्या गप्पांतसुद्धा आपण म्हणतोच ना, 'लिहून देतो तुला, असंच होणार.' कागदाच्या शेवटी परत तेच येतं, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून दिले असे.

मी वकील नाही. पण नात्यात कुणाकडे कसलाही कागद आला की 'जरा बघ रे काय लिहिलंय यात' म्हणून तो फिरत फिरत माझ्याकडे येतो, आणि वर्षानुवर्षं हे कागद वाचून माझं एक मत पक्कं झालंय की कागदाचं नावच अर्धं काम करतं किंवा अर्धा घोटाळा करतं. सही करणाऱ्याला नाव वाचूनच कळलं पाहिजे की आपल्या हातातून काय चाललंय किंवा हातात काय येतंय. मग तो शब्द फारसी असो, संस्कृत असो की इंग्रजी, मला काही फरक पडत नाही.

गहाणखत म्हटलं की काहीतरी गहाण पडलंय हे न शिकलेल्या माणसालाही कळतं. वाटणीपत्र, बक्षीसपत्र, भाडेपट्टा, हमीपत्र, सगळे सरळ शब्द. याउलट साठेखत घ्या. हा शब्द इतक्या सर्रास वापरला जातो पण त्यातून काहीच कळत नाही, आणि त्याच्यामुळे माणसं किती अडकतात! साठेखत म्हणजे विक्री करायचं ठरलं, विक्री झाली नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम ५४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की विक्रीच्या नुसत्या करारानं मालमत्तेत कसलाही हक्क तयार होत नाही. पण 'खत' शब्द लागलाय ना, त्यामुळे लोकांना वाटतं झालं, आपलं झालं, आणि पैसे देऊन दहा-दहा वर्षं निवांत बसतात, तोवर मूळ मालक वारलेला असतो, त्याच्या वारसांची नावं लागलेली असतात आणि मग कोर्टाच्या पायऱ्या. तीच गत कुलमुखत्यारपत्राची, म्हणजे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीची. त्याच्यावर घरं विकली गेली, विकत घेतली गेली, शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही. 'ठरावखत' किंवा 'विक्री-ठराव' असं काहीतरी नाव रूढ झालं असतं तर कितीतरी लोकांनी पुढचा कागद करून घेतला असता असं मला खरंच वाटतं.

आता याच खरेदीखतात मध्ये एक ओळ असते जी बहुतेक लोक वाचतही नाहीत. चतुःसीमा लिहून झाल्या, पूर्वेस अमुक पश्चिमेस तमुक, की त्यानंतर येतं, सदर मिळकत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. ही ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला वाटलं कुणा हौशी लेखनिकानं घातली असेल. पण नाही, पेशवाईतल्या इनामाच्या सनदा बघा, तिथे हीच ओळ, याच शब्दांत, पुढे कुलबाब कुलकानू, म्हणजे सगळ्या करपट्ट्यांसह, असं जोडलेलं. आणखी मागे जा, विजयनगरच्या ताम्रपटांत जमिनीचे आठ भोग सांगितलेत त्यात निधी, निक्षेप, जल, पाषाण आहेतच. निधी म्हणजे जमिनीत सापडणारं पुरलेलं धन आणि निक्षेप म्हणजे कुणी ठेवलेली ठेव. आज पुण्या-नाशकाजवळचा गुंठ्यांचा प्लॉट विकतानासुद्धा आपण राजाच्या दानातली भाषा बोलतोय, राज्यं गेली, लिप्या बदलल्या, मोडी गेली टायपिंग आलं, टायपिंग जाऊन कॉम्प्युटर आला, पण या ओळीला कुणी हात लावला नाही. मला ही गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो.

ताम्रपटाला तेव्हा शासन म्हणायचे. आज शासन म्हणजे सरकार, पण तेव्हा शासन म्हणजे राजाची आज्ञा, तो कोरलेला पत्राच. ताम्रशासन. आणि त्याच्या शेवटी शापाचे श्लोक असायचे, स्वतः दिलेली किंवा दुसऱ्यानं दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, असं. कोकणात शिलाहार राजांच्या काळातल्या गधेगाळी आहेत, म्हणजे दान आणि शाप कोरलेले दगड, वरती चंद्रसूर्य कोरलेले आणि खाली चित्रातून दिलेली इतकी अर्वाच्य शिवी की ती इथे लिहवत नाही. चंद्रसूर्य असेतोवर हे दान राहील म्हणून वरची खूण, आणि न वाचता येणाऱ्यालाही धाक बसावा म्हणून खालचं चित्र. म्हणजे हजार वर्षांपूर्वी सुद्धा कुणीतरी हा विचार केला होता की ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत हा कायदा कसा पोचवायचा.

मग फारसी-अरबी शब्द आले, आणि ते असे आले की आज सरकारी कचेरीत फारसी शब्द न वापरता पाच मिनिटं बोलून दाखवा, नाही जमणार. दस्त, दाखला, नक्कल, वारस, हक्क, तारीख, कलम, मालक, सगळं तिकडचं. शिवाजी महाराजांना हे खटकलं, १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि पुढच्या काही वर्षांत राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला, रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली. दहा वर्ग आहेत त्यात, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, त्यातच एक लेखनवर्ग, म्हणजे लिहिण्या-कागदपत्रांच्या शब्दांना स्वतंत्र प्रकरण, चौदाशेच्या आसपास शब्दांना संस्कृत पर्याय. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव झाला, सरनोबताचा सेनापती. यातले कितीतरी मराठीत कायमचे राहिले, मंत्रालयात आजही सचिव बसतात. पण पेशवा काही जाईना. बाजीरावाच्या मुद्रेत कोरलंय 'मुख्य प्रधान', आणि अख्खा महाराष्ट्र म्हणतो पेशवा. तोंडातला शब्द शिक्क्याला बधला नाही.

या काळातल्या शब्दांकडे मी नेहमी एका गोष्टीसाठी बघतो, की पुढे जाऊन लोकांनी त्यांचं काय केलं. सनद आणि फर्मान, दोन्ही सरकारी, दोन्ही वरून खाली येणारे कागद. पण सनद म्हणजे तुला काहीतरी मिळालं आणि आता ते तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, तर फर्मान म्हणजे तुला काहीतरी करायला लागणार. आज बघा, वकिलाला बार कौन्सिलकडून मिळते ती सनद, सीएला मराठीत सनदी लेखापाल, आयएएस म्हणजे सनदी अधिकारी, सरकारी हपिसांत भिंतीवर लावतात ती नागरिकांची सनद. शब्दाचा मान शाबूत आहे. आणि फर्मान? 'साहेबांनी नवीन फर्मान काढलंय' हे वाक्य कौतुकानं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. लोकांनी दोन्ही कागद वापरून पाहिले, सोसून पाहिले आणि मग शब्दांना आपापली जागा दाखवली. राजीनाम्याचं तर आणखीच वेगळं, ब्रिटिशांच्या महसुलात शेतकरी जमीन सोडायचा तेव्हा तो राजीनामा द्यायचा आणि नवीन घेणारा कबुलायत लिहून द्यायचा, मी राजी आहे असं सांगणारा कागद तो. आता फक्त नोकरी आणि मंत्रिपद सोडण्यापुरता उरला.

कौल हा माझा सगळ्यात लाडका शब्द. ओसाड पडलेलं गाव परत वसवायचं तर रयतेला कौल द्यायचे, कौलनामा, या, जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, कुणी त्रास देणार नाही. दिलेला शब्द, कागदावर. देवाला कौल लावतो तो हाच, निवडणुकीत जनता देते तोही हाच. एकाच शब्दात देव, राजा आणि मतदार तिघेही, आणि तिघांकडूनही अपेक्षा एकच की दिला शब्द फिरवायचा नाही.

जुन्या पत्रांतली दोन वाक्यं मला फार मोठी वाटतात. इनामाच्या पत्राच्या शेवटी अधिकाऱ्याला हुकूम असायचा की दरसाल नवीन पत्र मागू नका, आणि या पत्राची प्रत लिहून घेऊन मूळ पत्र भोगवट्याला परत द्या. किती साधी गोष्ट! मूळ कागद ज्याचा आहे त्याच्याकडेच राहिला पाहिजे आणि त्याला दरवर्षी स्वतःचा हक्क नव्यानं सिद्ध करायला लावायचा नाही. वर्षावर्षाला हयातीचा दाखला द्यायला जाणाऱ्या आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघितलं की ही ओळ हमखास आठवते. आणि पत्राच्या अगदी शेवटी छोटी मुद्रा, मर्यादेयं विराजते, म्हणजे इथे मजकूर संपला, याच्या खाली कुणी एक अक्षर वाढवलं तर ते खोटं. आपण चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहून रेघ ओढतो तेच काम.

महजर हा त्या काळातला निवाड्याचा कागद, गोतसभा बसायची, सगळ्यांच्या समक्ष निर्णय व्हायचा आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, ज्याचा जो धंदा त्याचं चित्र. बायकांची निशाणी बांगडी. नाव, पुढे 'निशाणी बांगडी' आणि एक छोटा गोल. मी असा गोल पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ त्या कागदावरून नजर हलली नाही, कारण अंगठा सगळ्यांचा असतो पण हा गोल बघून कळतं की इथे एक बाई होती, समोर बसली होती, तिला विचारलं गेलं होतं. निदान कागदावर तरी.

इंग्रजी राज्याबद्दल मी थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांनाच माहितीये. १८२७ चं एल्फिन्स्टन कोड, म्हणजे मुंबई इलाख्याची कायदेसंहिता, मग १८७२ चा करार कायदा, १९०८ चा नोंदणी कायदा, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत असेल तर दस्त नोंदवलाच पाहिजे ही अट त्यात आहे आणि आकडाही अजून शंभरच. स्टँप, नोटरी, अ‍ॅफिडेव्हिट हे शब्द मराठीत मुरले, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सातबारा हा तर शब्दच नाही, गाव नमुना नंबर सात आणि नंबर बारा, सातमध्ये मालकी आणि बारामध्ये पीकपाणी, दोन फॉर्मचे नंबर! पण शेतकऱ्यानं त्याला असं काही आपलंसं केलं की 'सातबारा कोरा करा' ही घोषणा झाली. आठ-अ, सहाचा फेरफार, सगळे आकडे पण घरातल्या माणसांच्या नावांसारखे पाठ.

तक्रार आहे ती 'लिव्ह अँड लायसन्स' बद्दल. मुंबई-पुण्यात लाखो लोक हा कागद करतात, बहुतेकांना वाटतं यातला लिव्ह म्हणजे राहणं. तो राहण्याचा लिव्ह नाहीच, रजेचा म्हणजे परवानगीचा आहे. आणि फरक मोठा आहे, भाडेकरूला जागेत हक्क असतो, परवानगीनं राहणाऱ्याला तो नसतो, मुदत संपली की उठायचं. अकरा महिने झाले की पुन्हा नवा कागद, आणि दरवेळी माणूस म्हणतो 'मी भाड्यानं राहतो'. कायद्याच्या दृष्टीनं तो भाड्यानं राहतच नसतो. याचं सरकारी मराठी केलंय संमती व अनुज्ञप्ती, त्यानं तर अजूनच काही कळत नाही. 'परवानगीनं राहण्याचा करार' म्हणा ना सरळ. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, राहणाऱ्याची नाही, आणि नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

१९६० नंतर राज्याची भाषा मराठी करायची म्हणून भाषा संचालनालय झालं, १९६४ ला राजभाषा अधिनियम झाला, न्यायव्यवहार कोश झाला. अधिनियम, अध्यादेश, विधेयक, परिपत्रक. या शब्दांवर टीका करणं फार सोपं आहे आणि मला ती करायची नाही, कारण ज्यांनी ते घडवले त्यांना खरोखर वाटत होतं की मराठी माणसाला त्याचा कायदा त्याच्या भाषेत मिळावा, आणि त्यातले काही शब्द इतके नेमके आहेत. परंतुक घ्या. कलमात नियम सांगून झाल्यावर 'परंतु' म्हणून जो अपवाद येतो ते परंतुक. एकदा ऐकला की आयुष्यभर विसरणार नाही, आणि कलम वाचताना खरी गोम नेहमी परंतुकातच असते. अध्यादेश पण रुळला, टीव्हीवर ऐकून ऐकून. पण अधिनियम हा काही 'कायद्या'ची जागा घेऊ शकला नाही, माहितीचा अधिकार अधिनियम असं कुणी म्हणत नाही, शासन निर्णय छापलेला असतो आणि लोक म्हणतात जीआर निघाला. छापलेल्या आणि बोलल्या जाणाऱ्या नावांत अंतर पडलं की मधल्या फटीत एजंट उभा राहतो, हे मी तालुक्याच्या ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय. वर पुन्हा राज्यघटनेचा अनुच्छेद ३४८ आहेच, राज्याचा कायदा मराठीत केला तरी राजपत्रात छापलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर हाच अधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो आणि हायकोर्टातलं कामकाज इंग्रजीत.

आता हक्कसोडपत्र. हा शब्द इतका प्रामाणिक आहे की त्याच्या प्रामाणिकपणामुळेच तो लपवला जातो. माझ्या आत्याला असाच कागद आला होता, वर ठळक अक्षरांत 'रिलीज डीड', देवनागरीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसलो होतो, मी ओळख पटवायला म्हणून, काका होते, कागद करणारा माणूस होता. आत्यानं विचारलं हे नक्की कशाचं आहे. तो म्हणाला, काही नाही मावशी, सातबारावरचं नाव कमी करायचंय, फॉर्मॅलिटी आहे. नाव कमी करणं! केवढा निरुपद्रवी शब्दप्रयोग, यादीतून नाव काढल्यासारखा. आत माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसत होती, अंगठा मशीनवर ठेवत होती, नंबर आमच्या जवळ येत होता. मी म्हटलं, आत्या, हे हक्कसोडपत्र आहे. ती एकदम गप्प झाली, मग काकांकडे वळून म्हणाली, 'अण्णा, मी हक्क सोडतेय होय? मग तसं सांगायचं ना. मला वाटलं फक्त नाव.' काका वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच वाटत होतं की हीच रीत आहे, बहिणी सही करतात, भाऊ माहेरपण करतो. ते म्हणाले, तुझी मर्जी नसेल तर नको. त्या दिवशी दस्त झाला नाही.

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः वाटा हे महाराष्ट्रानं १९९४ लाच, तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतं, कायद्यात आणलं होतं, देशभर ते ९ सप्टेंबर २००५ पासून झालं, आणि वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते का हा घोळ सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला, नसले तरी चालेल म्हणून. इतका सगळा कायदा बाईच्या बाजूनं उभा आहे, आणि तो एका सहीनं संपतो, एकदा नोंदवलेला हक्कसोड मागे घेणं अतिशय अवघड. सोडायचा नाही असं माझं म्हणणं नाही, अनेक बहिणी मनापासून सोडतात आणि तो त्यांचा अधिकारच आहे. पण सोडतेय हे तिला तिच्या भाषेत, मोठ्यानं वाचून दाखवलंच पाहिजे. माझ्या हातात असतं तर या एका दस्तावर दुसरं कुठलंही नाव चालणार नाही असा नियमच केला असता. आमच्याकडे पुढे वाटणीपत्र झालं, आत्यानं विहिरीकडचा तुकडा घेतला, बाकीचा भावाकडे राहू दिला, आणि दोघांचं येणंजाणं जसं होतं तसं आहे.

मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र मी लोकांच्या बाजूनं आहे, इच्छापत्र हाच शब्द बरा. कायद्यातलं मराठी नाव मृत्युपत्र, पण त्या नावामुळेच माणसं तो विषय काढत नाहीत, घरात नुसता उच्चार केला तरी 'काय अभद्र बोलतोस' ऐकावं लागतं. इच्छापत्र म्हटलं की माणूस बोलायला लागतो. आणि शब्द बरोबरही आहे, कारण जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं, इच्छा बदलते तसं. आईला मी हे सगळं सांगितलं, साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या समोर सही हवी आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करायचं नाही. तिनं वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतलंय, वरती मथळा दिलाय 'माझ्या मागे कोणाला काय', आणि कायद्याला मथळ्याशी काही देणंघेणं नसतं त्यामुळे तो तसाच राहणार आहे. घराचं आणि दागिन्यांचं लिहून झालंय, शिलाई मशीन कुणाला द्यायचं यावर तिचं अजून ठरत नाही, तोवर साक्षीदारांना थांबायला सांगितलंय.